ती घरी होती, हे रेव्हेन्यूला कुणी सांगितलंच नव्हतं

सप्टेंबर २०२५ मध्ये तिला नोकरी लागली. आयर्लंडमधली पहिलीच. इथे नोकरी लागली की रेव्हेन्यूच्या, म्हणजे कर खात्याच्या, साइटवर 'मायअकाउंट'मध्ये जाऊन ती नोंदवायची असते, नाहीतर पहिल्या पगाराला इमर्जन्सी टॅक्स, म्हणजे माहिती नसताना कापला जाणारा चढा कर, लागतो. मुलीला झोपवून रात्री ती हे काम उरकायला बसली. नाव बरोबर, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) बरोबर, पत्ता बरोबर. खाली 'सिव्हिल स्टेटस'पुढे मात्र लिहिलेलं: सिंगल.

"ताई, सात वर्षं झाली लग्नाला, आणि यांच्या दफ्तरी मी अजून कुमारिकाच," तिने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. मी विचारलं, "नवऱ्याच्या खात्यावर काय आहे ते बघितलंस?"

त्याच्याही खात्यावर सिंगलच होतं. जानेवारी २०२२ पासून.

मी डब्लिनमध्ये एका कंपनीच्या पगार विभागात काम करते. कर सल्लागार नाही. पण रोज पेस्लिपांतच बसलेली असल्याने ओळखीतल्या मंडळींचे असले फोन मलाच येतात. हे प्रकरण त्या दोघांना विचारून लिहितेय. नावं, कंपन्या काहीच देत नाही, आणि पगाराचे आकडे जरा गोल केलेत. कर खात्याचे आकडे आहेत तसे दिलेत.

घर

तो सॉफ्टवेअरमध्ये. क्रिटिकल स्किल्स परमिटवर, म्हणजे कुशल कामाच्या परवान्यावर, जानेवारी २०२२ मध्ये तिघं एकत्रच आले, तेव्हा मुलगी दीड वर्षाची. पगार पहिल्या वर्षी ६२,००० युरो, पुढे वाढत २०२५ मध्ये ६८,०००. ती पुण्यात असताना एका कंपनीत अकाउंट्स बघायची. इथे तिच्या रहिवासाच्या कार्डावर स्टॅम्प १जी हा शिक्का, त्यामुळे काम करायला वेगळं परमिट नको होतं. पण दीड वर्षाचं पोर, ओळखीचं कुणी नाही, आणि क्रेशची, म्हणजे पाळणाघराची, वेटिंग लिस्ट. ती घरी थांबली. साडेतीन वर्षं थांबली. मुलगी ज्युनियर इन्फंट्सला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, गेली तेव्हाच तिने अर्ज करायला सुरुवात केली.

म्हणजे आपल्याकडची अगदी नेहमीची गोष्ट. आणि अशाच घरांसाठी इथल्या कायद्यात 'होम केअरर टॅक्स क्रेडिट' आहे. नवरा-बायकोचा कर एकत्र धरला जातो आणि दोघांपैकी एक जण घरी राहून मुलाला, ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला किंवा कायमचं अपंगत्व असलेल्याला सांभाळतो, तर त्या घराच्या करातून ठरावीक रक्कम थेट वजा होते. ही वजावट उत्पन्नातून होत नाही, करातून होते, हे भारतातून आलेल्यांना दोनदा सांगावं लागतं. २०२५ साठी ही रक्कम १,९५० युरो.

या घराला चार वर्षांत त्यातला एक युरोही मिळालेला नव्हता.

चूक कुणाची

"मी एचआरच्या फॉर्मवर मॅरिड लिहिलं होतं की, ताई," तो म्हणाला. "हेल्थ इन्शुरन्समध्ये दोघींची नावं आहेत."

असतील. पण कर कापणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. माझ्यासारखी बाई पगार करायला बसते तेव्हा तिच्या स्क्रीनवर रेव्हेन्यूकडून आलेली एक नोटीस असते, आरपीएन म्हणतात तिला. तीत मुख्यतः त्या माणसाचं वर्षाचं क्रेडिट किती आणि २० टक्क्यांचा बँड, म्हणजे आपला स्लॅब, किती, हे असतं. लग्न झालंय की नाही हे तीत दिसतसुद्धा नाही. आकडा आला की तो लावायचा. समोरचा माणूस चार मुलांचा बाप आहे हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलेलं असलं तरी त्या आकड्याला मी हात लावू शकत नाही.

दुसरं कारण थेट आपल्या सवयीतलं. भारतात लग्न झालं म्हणून कुणाच्या रिटर्नमध्ये काही बदलत नाही. तिथे कराचा हिशेब माणसागणिक, बायको घरी असो वा कामाला. त्यामुळे 'लग्न झाल्याचं कर खात्याला कळवा' हा विचारच डोक्यात येत नाही. त्यातून याच्या पहिल्या पगारावर इमर्जन्सी टॅक्स कापला गेला होता. तो धावपळ करून त्याने सोडवला, पैसे परत आले, आणि कराचं काम संपलं असं त्याने मनाशी धरलं. पुढे साडेतीन वर्षं त्याने मायअकाउंट उघडलंच नाही. का उघडेल? पगार वेळेवर येत होता.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. ही बाई घरी असते, तिचं लग्न झालंय, तिला एक मूल आहे, हे सगळं सरकारला माहीत होतंच. मुलीचा चाइल्ड बेनिफिट, महिना १४० युरो, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिच्याच खात्यात जमा होत होता. त्या अर्जात लग्नाची तारीख, मुलीचा जन्म, सगळं दिलेलं. पण चाइल्ड बेनिफिट देतं सोशल प्रोटेक्शन खातं आणि कर घेतं रेव्हेन्यू. एकाच्या दप्तरात असलेली बायको दुसऱ्याच्या दप्तरात आपोआप जात नाही. तिथे नवरा-बायकोनेच जाऊन सांगायचं असतं, तारखेसकट, दोघांच्या पीपीएस नंबरांसकट.

तीन वर्षांचा हिशेब

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. ती वही घेऊन बसली. तो लॅपटॉप उघडून बसला, पण आकडे सगळे तिनेच मांडले. अकाउंट्समधली बाई, साडेतीन वर्षांनी हातात ताळेबंद आला होता.

सिंगल राहिल्याने या घराचं नुकसान एका जागी झालं नव्हतं, तीन जागी झालं होतं. पहिलं, पर्सनल क्रेडिट. लग्न झालेल्यांना ते दुप्पट, मग बायको कमावती असो वा नसो. २०२२ मध्ये सिंगलला १,७००, जोडप्याला ३,४००. दुसरं, बँड. २० टक्क्यांचा बँड सिंगलला २०२२ मध्ये ३६,८०० युरोंपर्यंत होता आणि एका कमाईच्या जोडप्याला ४५,८००. त्याच्यावर सरळ ४० टक्के. म्हणजे ९,००० युरोंवर याने वीसऐवजी चाळीस टक्के भरले, जास्तीचे १,८००. हा ९,००० चा फरक पुढच्या वर्षांतही तेवढाच राहिला. आणि तिसरं होम केअरर, २०२२ साठी १,६००.

तिने वहीत लिहिलं: १,७०० अधिक १,८०० अधिक १,६००. बेरीज ५,१००.

मग २०२३: १,७७५, १,८०० आणि १,७००. बेरीज ५,२७५. मग २०२४: १,८७५, १,८०० आणि पुन्हा १,८००. बेरीज ५,४७५. तिन्ही वर्षांचे मिळून १५,८५० युरो.

"हे सगळं माझ्या पगारातून गेलं?" तो म्हणाला.

"आपल्या," ती म्हणाली, आणि वहीतलं पान उलटलं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि यूएससी (उत्पन्नावरचा वेगळा अधिभार) या दोन कपाती याच पेस्लिपेवर असतात, पण त्यांना लग्नाचं काही सोयरसुतक नाही. त्या प्रत्येकाच्या स्वतंत्र. फरक पडतो तो फक्त इन्कम टॅक्समध्ये.

मागच्या वर्षांचे पैसे परत मागायला चार वर्षांची मुदत असते, आणि ती ते करवर्ष संपल्यापासून मोजायची. २०२२ साठी ३१ डिसेंबर २०२६. म्हणजे यांचं एकही वर्ष बुडालं नव्हतं. २०२१ मध्ये आलेलं एखादं घर त्या रविवारी आमच्या टेबलावर असतं, तर त्याच्या हातात सहा आठवडे उरले होते.

काम म्हणाल तर फार नव्हतं. दोघांचं सिव्हिल स्टेटस बदललं, लग्नाची तारीख घातली, मग एकेका वर्षाचं रिटर्न उघडून त्यात होम केअररची माहिती भरली. रेव्हेन्यूने लग्नाचा दाखला मागितला. आपल्या महापालिकेचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतो, त्यामुळे भाषांतराची भानगड नव्हती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही वर्षांचे पैसे आले.

त्याचे प्रश्न

पैसे परत येतात हे कळलं की माणसाच्या डोक्यात शंकांपेक्षा आशा जास्त येतात. त्याने विचारलं, "२०२३ मध्ये आई तीन महिने इथे होती. ती अडुसष्टची. तिचं वेगळं क्रेडिट?"

नाही. एका घराला एकच होम केअरर क्रेडिट, सांभाळायची माणसं एक असोत वा पाच. शिवाय व्हिजिटर व्हिसावर नव्वद दिवस आलेली आई म्हणजे या घरात राहणारी व्यक्ती नव्हे. उलट तीच आई या देशात पलीकडच्या गल्लीत कायमची राहत असती, तर तिच्यासाठी क्रेडिट मिळू शकलं असतं. नातेवाइकाचं घर दोन किलोमीटरच्या आत हवं आणि दोन्ही घरांत थेट संपर्काची सोय हवी, असा नियम आहे. फोनसुद्धा चालतो. हा नियम लिहिणाऱ्याने एखादी खरीखुरी सासू डोळ्यांपुढे ठेवली असावी, असं मला नेहमी वाटतं.

तिची शंका जास्त नेमकी होती. पुण्यातल्या बँकेत तिच्या नावावर माहेरची एक एफडी आहे, वर्षाला साठेक हजार रुपये व्याज. घरी राहणाऱ्याचं स्वतःचं उत्पन्न ७,२०० युरोंपर्यंत असेल तरच पूर्ण क्रेडिट मिळतं. मग हे व्याज धरायचं का? आम्ही त्या वादात शिरलोच नाही. सगळंच्या सगळं धरलं तरी साडेसहाशे युरोंच्या आसपास. ७,२०० कुठे आणि हे कुठे.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना यातलं काहीच मिळत नाही, हेही सांगून ठेवते. त्यांच्या घरी कितीही मुलं असोत, करासाठी ते दोन सिंगलच.

हे ठिगळ कुठून आलं

तिने मध्येच विचारलं, "पण हे का देतात? म्हणजे सरकारला काय पडलंय, मी घरी आहे की नाही त्याचं?"

हे तिला सांगताना मला स्वतःलाच मजा आली. आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानात कलम ४१.२ आहे. आर्थिक गरजेपोटी आईला घरचं कर्तव्य टाकून बाहेर काम करावं लागू नये, यासाठी राज्य प्रयत्न करील, असं त्यात म्हटलंय. शब्द आदराचे, पण त्याच देशात १९७३ पर्यंत लग्न झालं की सरकारी नोकरीतल्या बाईला नोकरी सोडावी लागायची. हे कलम बदलायचं का, यावर ८ मार्च २०२४ ला सार्वमत झालं. लोकांनी बदल मोठ्या फरकाने फेटाळला. कलम आजही तसंच आहे.

कराची कथा याहून वळणाची. पूर्वी कमावत्या बायकोचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवून कर लावायचे, त्यामुळे दोघं कमावत असले तर दोन सिंगल माणसांपेक्षा जास्त कर बसायचा. मर्फी नावाचं एक जोडपं कोर्टात गेलं, आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने ही पद्धत संविधानाविरुद्ध ठरवली. तेव्हापासून विवाहितांना सगळं दुप्पट मिळू लागलं, एकटाच कमावत असला तरी. मग डिसेंबर १९९९ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री चार्ली मक्रीव्ही यांनी बँड माणसागणिक करायला घेतले. दोघं कमावते असतील तर बँड मोठा, एकटाच असेल तर लहान. घरी राहणाऱ्या आयांच्या बाजूने असा काही गदारोळ झाला की काही दिवसांतच मक्रीव्हींना घरी सांभाळणाऱ्यांसाठी ३,००० पौंडांची सूट जाहीर करावी लागली. तेव्हाच्या २२ टक्के दराने ती ६६० पौंडांची होत होती. तीच पुढे होम केअरर क्रेडिट झाली.

म्हणजे मुळात हे ठिगळ. आणि कित्येक वर्षं ते ठिगळासारखंच राहिलं. २०१५ मध्येही रक्कम ८१० युरोच होती. २०१६ मध्ये १,००० झाली, २०१९ मध्ये १,५००, मग हळूहळू १,९५०. उत्पन्नाची ७,२०० ची मर्यादा मात्र २०१६ पासून जागची हललेली नाही. किमान वेतन या काळात कितीतरी वाढलं, त्यामुळे घरी राहून आठवड्याला थोडे तास काम करणारी बाई दर वर्षी या रेषेच्या जवळ जवळ सरकतेय. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

ठिगळाने फाटकं किती झाकलं जातं, तेही तिने वहीत काढून बघितलं. एका घरात एकटा माणूस ८८,००० कमावतो, दुसऱ्या घरात दोघं ४४,००० प्रत्येकी. २०२५ च्या दराने पहिल्या घराचा इन्कम टॅक्स, होम केअरर धरून, १६,६५०. दुसऱ्या घराचा ९,६००. फरक ७,०५० युरोंचा. दुसऱ्या घराला क्रेशची फी भरावी लागते, ते खरं. पण पहिल्या घरात क्रेशचं काम जी करते, तिच्या कामाची सरकारदरबारी किंमत १,९५०.

यूकेशी याची तुलना होते म्हणून तेही सांगते. तिकडच्या मॅरेज अलाउन्समध्ये १,२६० पौंडांचा भत्ता जोडीदाराच्या नावे करता येतो आणि कर वाचतो वर्षाला २५२ पौंड. तिथे मूल असण्याची अट नाही. पण नवरा वरच्या दरात गेला की तेही नाही.

तिची नोकरी आणि २०२५

आता गुंतागुंतीचं वर्ष. सप्टेंबर ते डिसेंबर २०२५, महिना २,८०० युरो, चार महिन्यांचे ११,२००. होम केअररचा नियम असा: ७,२०० च्या वर जेवढं उत्पन्न, त्याच्या निम्मं क्रेडिटमधून वजा. त्या हिशेबाने ११,१०० ला २०२५ चं क्रेडिट शून्यावर येतं. ती त्याच्या शंभर युरो पुढे गेली होती.

"शंभर युरोंसाठी एकोणीसशे गेले?" तो जवळजवळ ओरडलाच. तसं नसतं. क्रेडिट हळूहळू उतरत आलेलं असतं, शेवटच्या शंभराने फार तर पन्नास युरो जातात. आणि इथे एक कमी ठाऊक असलेली सोयही आहे. या वर्षी उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं, पण आदल्या वर्षी क्रेडिट मिळालं होतं, तर या वर्षीही ते आदल्या वर्षीइतकं मागता येतं. नोकरी सुरू करणाऱ्या बाईला पहिल्याच वर्षी फटका बसू नये म्हणून. यांचं २०२४ चं क्रेडिट १,८००, म्हणजे २०२५ साठीही १,८०० घेता आले असते.

मग घ्यायचं का? इथे थांबून हिशेब करावा लागतो, कारण होम केअरर घेतलं तर दुसऱ्या कमाईचा वाढीव बँड मिळत नाही. दोन्ही एकत्र नाहीत. वाढीव बँड म्हणजे तिच्या ११,२०० युरोंवर ४० ऐवजी २० टक्के, किंमत २,२४० युरो. होम केअरर १,८००. बँड ४४० ने सरस.

तिने पेन्सिलने समासात एक आकडा लिहिला: ९,०००. म्हणजे तिचं वर्षाचं उत्पन्न ९,००० पर्यंत असतं तर १,८०० चं क्रेडिट बरं, त्याच्या वर बँड बरा. तिने एक महिना उशिरा नोकरी धरली असती तर उत्तर उलटं आलं असतं. मी इतकी वर्षं पेस्लिपा करते, पण हा छेदबिंदू कुणी समासात काढून दाखवल्याचं मला आठवत नाही.

२०२५ चं रिटर्न जानेवारीत भरलं. दोघांनी सिंगल म्हणून मिळून भरलेला कर १४,४०० (तिचा शून्य, सगळा त्याचाच). एकत्र धरून बसणारा कर १०,८४०. परतावा ३,५६०.

तरीही त्याला एक गोष्ट टोचत होती. ती घरीच राहिली असती तर या वर्षीचा कर ८,६५० आला असता. म्हणजे तिच्या ११,२०० मधले २,१९० करात गेले, त्यावर पीआरएसआय, त्यावर आफ्टरस्कूलची फी. "मग यात राहिलं काय?" असं तो म्हणाला. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत हे वाक्य इथेच येतं आणि बऱ्याच नोकऱ्या इथेच थांबतात. मी एवढंच म्हटलं की हिशेब एका वर्षाचा आहे आणि नोकरी एका वर्षाची नाही. इथली सरकारी पेन्शन हवी तर स्वतःचे किमान ५२० आठवडे पीआरएसआय भरलेला लागतो, म्हणजे दहा वर्षं. बारा वर्षांखालचं मूल सांभाळण्यात गेलेले आठवडे 'होमकेअरिंग पीरियड्स' म्हणून त्यावर मोजून मिळतात, पण मुळात ते ५२० स्वतः कमावलेले हवेत. तिचे आत्ताशी सतरा झाले होते.

(नावात घोळ होतो म्हणून सांगते: होम केअरर क्रेडिट रेव्हेन्यूचं, होमकेअरिंग पीरियड्स सोशल प्रोटेक्शनचे. एकाचा अर्ज दुसऱ्याला चालत नाही.)

कुणाच्या खात्यात

डिसेंबरात आलेले १५,८५० त्याच्या खात्यात जमा झाले. एकत्र कर धरला की दोघांतला एक जण रेव्हेन्यूसाठी मुख्य असतो. आपण होऊन कुणाचं नाव दिलं नाही तर जास्त कमावणारा.

तिने वहीतलं ते पान काढलं. १,६००, १,७०० आणि १,८००. ५,१००. "एवढे माझ्या खात्यात टाक," ती त्याला म्हणाली.

"घरातलेच पैसे ना?"

"हो. मग माझ्या खात्यात असले तरी घरातलेच."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा घेत होते. त्याने मोबाइल काढला आणि टाकले.

मला वाटलं, संपलं. जानेवारीअखेर तिचा पुन्हा फोन. "ताई, माझा पगार कमी आलाय. टॅक्स २२६.६७ जायचा तो ३९३.३३ गेलाय." डिसेंबरपर्यंतचं मला माहीत होतं, तिचा टॅक्स शून्य होता, म्हणून मी विचारलं की २२६.६७ आला कुठून. "मी काढला. सिंगल राहिले असते तर वर्षभराच्या पगारावर महिन्याला एवढा गेला असता. मग लग्न झाल्याचं कळवून माझा वाढला कसा?"

त्याची पेस्लिप मागवली. त्याच्या हातात महिन्याला ३१६ युरो जास्त पडले होते. झालं होतं असं: सिव्हिल स्टेटस बदलल्यावर जोडप्याचं ४,००० चं पर्सनल क्रेडिट अख्खं त्याच्या नावावर गेलं. तिच्याकडे उरलं तिचं नोकरीचं २,००० चं, जे कुणाला देताच येत नाही. घराचा एकूण कर अगदी बरोबर होता. फक्त तिच्या वाट्याचे महिन्याला १६६.६७ त्याच्या पेस्लिपेत उतरत होते.

हे दुरुस्त करता येतं. मायअकाउंटमध्ये क्रेडिट दोघांत हवं तसं वाटता येतं, निम्मं निम्मं किंवा कसंही. किंवा 'सेपरेट असेसमेंट' मागता येते. तीत एकूण कर तोच राहतो, पण ज्याचं क्रेडिट त्याच्याकडे. त्यासाठी त्या वर्षाच्या ३१ मार्चच्या आत कळवायचं. तिने पहिला मार्ग घेतला. स्क्रीनवर दोन चौकटी होत्या, ४,००० आणि ०. तिने दोन्हींत २,००० घातले आणि सबमिट दाबायच्या आधी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, कारण लॉगिन त्याचं होतं.

फेब्रुवारीत तिची पेस्लिप व्हॉट्सअॅपवर आली. जानेवारीचे जास्तीचे परत मिळाल्याने टॅक्सच्या रकान्यात ६० युरोच होते. खाली तिने लिहिलं होतं: मार्चपासून २२६.६७.